कर्जतच्या पुढे

आमची स्वप्नाली म्हणजे गाडी लागणारी पोर. खरवईहून बदलापूर स्टेशनला रिक्षाने आली तरी उतरल्या उतरल्या पहिलं गटार गाठायची. दर चैत्रात आम्ही सगळे एकवीरेला जातो, तेव्हा घाट सुरू व्हायच्या आत तिच्या हातात पिशवी द्यायला लागायची. शाळेची सहल निघाली की ही घरात पांघरूण घेऊन पडून राहणार, आणि वर्गातल्या पोरी परत येऊन गमती सांगायला लागल्या की उठून जाणार. असली पोर बसमध्ये बसून अर्धा युरोप पालथा घालून आली म्हटल्यावर लोक मला म्हणतात, काय हौस आहे हो बनूबाई तुमच्या भाचीला. मी मान डोलावते. हौस कसली डोंबलाची. तिला एका बाईची जिरवायची होती.

मी तिची मावशी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन मशीन, एक पडदा, एक आरसा. शेजारी हरेशचं मोबाइलचं दुकान. माझ्याकडे अंबरनाथच्या बायकासुद्धा येतात, कारण माझा कटोरी ब्लाउज अंगाला बसतो तसा त्यांच्या तिकडे कोणाला जमत नाही. त्यातलीच एक वृंदावहिनी. अंबरनाथ पश्चिमेला राहायची, नवरा शशिकांत फॅक्टरीत ऑफिसर होता, रिटायर झालेला. बाई नाकात बोलायची, पण कापड चांगलं आणायची. या वृंदावहिनीचा मुलगा शौनक आणि आमची स्वप्नाली एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होते, त्यांचं जमलेलं होतं, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि मी स्वप्नालीची मावशी, हे वृंदावहिनीला माहीत नव्हतं. माझी बहीण दिली खरवईला, मी आले उल्हासनगरला. आडनावं वेगळी, कुठून कळणार.

एका रविवारी वृंदावहिनीने स्वप्नालीला आईवडिलांसकट घरी बोलावलं. आनंदाभावोजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले, घरच्या तांदळाची पिशवी घेऊन गेले. रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमची रीत. पोहे आले, चहा आला. टीपॉयवर एका टूर कंपनीचं पुस्तक मुद्दाम उघडून ठेवलेलं. वहिनी आणि तिचे साहेब, म्हणजे नवरा, मे महिन्यात युरोपला निघाले होते, बुकिंग झालेलं होतं. अर्धा तास भावोजींना तेच ऐकायला लागलं, कुठलं शहर, कुठला राजवाडा, कुठलं चित्र. भावोजी आपले हो हो करत बसले.

मग मुद्द्यावर आली बाई. आता हे बघा, नकार कोणीही देऊ शकतं. त्यालाही एक रीत आहे. चार दिवसांनी फोन करायचा आणि पत्रिका जुळत नाही म्हणायचं. समोरच्याला कळतं, त्याचं तोंड राहतं, आपलंही राहतं. या बाईने तेवढंसुद्धा केलं नाही. भावोजींच्या हातात कप असताना म्हणाली,

"मुलगी हुशार आहे, प्रश्न तो नाही. पण आमच्या शौनकला उद्या परदेशात राहायचंय. तिथे चार माणसांत वावरायचं, म्युझियम बघायची, काट्याचमच्याने जेवायचं. तुमचं सगळं जग शेत ते स्टेशन. कर्जतच्या पुढे तरी कधी गेली आहे का ही?"

कर्जतच्या पुढे तर आम्ही एकवीरेला दर वर्षी जातो, पण तो मुद्दा नव्हता. मुद्दा हा की शौनक शेजारीच बसला होता आणि चहात बिस्कीट बुडवत होता. तो बोलला नाही. साहेब बोलले नाहीत. निघताना वहिनीने चपलांजवळ ठेवलेली तांदळाची पिशवी उचलून भावोजींच्या हातात परत दिली, आमच्यात हा जाड तांदूळ चालत नाही म्हणाली.

तिथून तिघं सरळ माझ्या दुकानात आले. भावोजी बाहेर हरेशच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले ते आत आलेच नाहीत. बहीण रडत होती. स्वप्नाली रडली नाही. ती माझ्या कटिंगच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि तिने शब्दन् शब्द सगळं सांगितलं. पत्ता ऐकल्यावर मी विचारलं, बाई गोरी, उंच, मानेवर तीळ आहे का? हो म्हणाली. मी भिंतीकडे बोट केलं. तिचाच मोरपंखी ब्लाउज हँगरला लटकत होता, हूक लावायचे बाकी होते.

स्वप्नाली त्या ब्लाउजकडे बघत म्हणाली, "मावशी, ही बाई हे शब्द गिळेल. मी गिळायला लावीन."

मी म्हटलं, बघू. आणि त्या दिवसापासून मी माझ्यापुरतं सुरू केलं. वृंदावहिनीच्या प्रत्येक ब्लाउजचा मुंढा मी थोडासा तंग ठेवायला लागले. मुंढा म्हणजे काखेतला गोल. फार नाही, घालताना कळणार नाही इतकाच. पण लग्नकार्यात दोन तास बसली की काखेत काचणार, आणि घरी जाऊन काढेपर्यंत जिवाला चैन नाही. ती म्हणायची, बनूबाई, वजन वाढलं वाटतं माझं. मी म्हणायची, वाढलंय थोडं. गिऱ्हाईक तोडून टाक असं बहीण म्हणाली, पण तोडलं असतं तर मला त्या घरची खबर कोणी दिली असती.

खबर लवकरच मिळाली. टूरला निघायच्या आधी साहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नव्या बॅगा प्लॅस्टिकसकट कपाटावर चढल्या. त्या वर्षी शौनकला बंगलोरला नोकरी लागली, परदेशाचं नाव नाही, आणि तो घरी फिरकेनासा झाला. मला वाईट वाटलं का? साहेबांचं वाटलं. तिचं नाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

इकडे स्वप्नालीने जर्मनीचे फॉर्म भरले. तिला केम्नित्स नावाच्या गावात ॲडमिशन मिळाली. कोणाला उच्चार येत नाही, भावोजी अजून केमिस्ट म्हणतात. निघताना बहिणीने तांदळाचं पीठ, सुकटीची चटणी, गाडी लागायच्या गोळ्या असं सगळं भरून दिलं. विमानतळावर सगळे रडत होते, ही माझ्या कानात म्हणाली, वहिनीचा नंबर माझ्याकडे आहे, आणि माझा तिच्याकडे. पत्रिकेसाठी घेतला होता ना, तो तिने काढलेला नाही.

व्हॉट्सॲपला स्टेटस लावतात, ते एकाच माणसाला दिसेल असंही लावता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हरेशने शिकवलं. खाली डोळ्याचं चित्र असतं, तिथे कोणी बघितलं ते कळतं. स्वप्नाली आठवडाभर कॉलेज करायची, संध्याकाळी कॅन्टीनमध्ये काम करायची. शुक्रवारी रात्री गोळी खाऊन, पिशवी हातात धरून बसमध्ये बसायची. रात्रभर ओकत जायची. सकाळी प्राग, नाहीतर व्हिएन्ना, नाहीतर बुडापेस्ट. तिथली सगळ्यात मोठी, सगळ्यात नावाजलेली इमारत शोधायची, तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसायची, डबा उघडायचा, आणि हाताने तांदळाची भाकरी आणि सुकट खायची. कोणा गोऱ्या माणसाला फोन देऊन फोटो काढून घ्यायचा. की परत बस.

रविवारी सकाळी तो फोटो लागायचा. बघणारी व्यक्ती एकच. खाली काही लिहायची नाही. राजवाडा, भाकरी, आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी आमची पोर. मला वेगळा पाठवायची आणि पाठोपाठ कळवायची, बघितलं मावशी, लावल्या लावल्या बघितलं. आमच्या दोघींचा रविवार असा जायचा. मी मशीनवर बसल्या बसल्या हसायची. डोळ्यांपुढे वृंदावहिनी यायची, हातात फोन, तोंड वाकडं. चांगल्या मिरच्या झोंबल्या असतील म्हणायची मी.

एकदा मी स्वप्नालीला विचारलं, अगं, त्या राजवाड्याच्या आत काय असतं? तिला सांगता येईना. ती म्हणाली, आत नाही गेले मावशी, फोटो बाहेरूनच चांगला येतो. ब्रुसेल्सला गेली, व्हेनिसला गेली, पॅरिसला गेली. कुठे म्हणून आत गेली नाही. वजन उतरलं तिचं. बहीण काळजी करायला लागली. मी म्हटलं, करू दे, तिला बरं वाटतंय.

पुढच्या थंडीत वृंदावहिनी भाचीच्या लग्नाचा ब्लाउज टाकायला आली. माप घेताना बाई हात वर करून उभी असते, हलता येत नाही, मग बोलत राहते. माझ्या दुकानात कितीतरी घरांच्या भानगडी मी अशाच ऐकल्यात. मी टेप लावत होते तेवढ्यात ती म्हणाली, बनूबाई, तुम्हाला एक गंमत दाखवते, आणि पर्समधून फोन काढला.

स्क्रीनवर स्वप्नाली होती. प्रागच्या चौकात, भाकरी हातात. मग व्हिएन्नाची. मग बुडापेस्टची. बाईने सगळे फोटो, एकूण एक, फोनमध्ये जपून ठेवले होते. मी टेप धरून तशीच उभी राहिले. ती सांगत होती, ओळखीतली एक मुलगी आहे, तिकडे शिकते. रविवारी सकाळी साहेबांची अंघोळ आटोपली की त्यांना उशीला टेकवून बसवते, चहा घेते, आणि दोघं मिळून तिचा फोटो बघतात. फोटो मोठा करून मागच्या खिडक्या बघतात, दगडातले पुतळे बघतात. टूरचं पुस्तक अजून जवळ आहे, त्यातून ती वाचून दाखवते. साहेब डाव्या हाताने बोट लावून दाखवतात. आठवडाभर ते काही दाखवत नाहीत, रविवारी दाखवतात.

"आमचं राहिलंच ना जायचं," ती म्हणाली. "आता ही नेते आम्हाला. फक्त एक गोष्ट समजत नाही. हे बघा, प्रागचं घड्याळ. तासाचे ठोके पडले की वरच्या खिडक्यांतून पुतळे फिरत जातात. लोक जगभरातून येऊन माना वर करून उभे राहतात. आणि ही वेडी घड्याळाकडे पाठ करून भाकरी खातेय!"

माझ्या हातातली टेप खाली पडली. आम्ही मिरच्या पाठवत होतो आणि ही मेली त्याचं सरबत करून पीत होती. वर पोरीला वेडी म्हणत होती. ती कुठल्या घरची, तिला आपण काय बोललो, यातलं अवाक्षर नाही. ओळखीतली एक मुलगी. इतकंच. तिला काय आठवत नव्हतं? आठवत असणारच, पण सोयीचं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. तरी मी टेप उचलली, खांदा मोजला, दंड मोजला आणि शनिवारी या म्हटलं.

ती गेली तशी मी स्वप्नालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. साहेबांचं बोट, चहा, पुस्तक, घड्याळ, काही ठेवलं नाही.

ती म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस तिची टूर काढत होते."

ती परत म्हणाली, रात्र रात्र ओकत गेलेय मी मावशी, तिच्या चहासाठी. मी म्हटलं, मग आता काय करणार? ती म्हणाली, काही नाही करणार. काहीच नाही.

त्या रविवारी फोटो लागला नाही. पुढच्या रविवारी नाही. त्यानंतर नाहीच. मला आधी वाटलं पोरगी खचली. पण एका शनिवारी दुपारी तिचा फोन आला. मागे माणसांचा गलका, घंटा वाजतेय. म्हणाली, मावशी, प्रागला आलेय, परत. घड्याळाकडे तोंड करून उभी आहे. खरंच फिरतात गं पुतळे. एकामागून एक येतात, खिडकीतून खाली बघतात आणि जातात. एक हाडांचा सापळा आहे, तो दोरी ओढून घंटा वाजवतो, लोक टाळ्या वाजवतायत. ती लहान पोरीसारखी सांगत होती. मी म्हटलं, फोटो काढला का? नाही म्हणाली. कोणासाठी काढू?

मग ती व्हिएन्नाच्या राजवाड्यातही जाऊन आली, आत. मागच्या टेकडीवर चढली. गोळी घेतली की आता तिला गाडीही कमी लागते. तास तासभर मला फोनवर सांगायची, मी काजं करता करता ऐकायची. लहानपणी सहलीच्या गमती कानावर नकोत म्हणून उठून जाणारी पोर, आता तिची सहल संपत नव्हती. फोटो मलाही नाही. तिने सांगायचं आणि मी ऐकायचं.

आणि इकडे वृंदावहिनीचं काय झालं ते ऐका. ब्लाउज न्यायला शनिवारी आलीच नाही, मग मीही तो सावकाश शिवला. मग कधीतरी उगवली ती माझ्याकडे नाही, शेजारी हरेशकडे. मी पडद्याआडून ऐकत होते. फोन बिघडलाय म्हणत होती, स्टेटस दिसत नाहीत. हरेशने फोन बघितला, बंद करून चालू केला, परत दिला. बाकी सगळ्यांचे दिसतायत म्हणाला. मग बोलला, "आंटी, फोन एकदम ठीक है. सामनेवाला ही दिखाना नहीं चाहता, तो मैं क्या करूँ?"

ती बाहेर बाकड्यावर बसली. त्याच बाकड्यावर, जिथे भावोजी तांदळाची पिशवी घेऊन बसले होते. मी तिला बघत होते आणि सांगते, माझं काळीज गार झालं. असं गार पाणी मी कधी प्याले नव्हते.

थोड्या वेळाने उठून आत आली. तोंड उतरलेलं होतं, केसांना रंग नव्हता. ब्लाउजचं विचारलं नाही. फोन माझ्यापुढे धरला. तिने स्वप्नालीला मेसेज केला होता, 'बरी आहेस ना गं? हल्ली फोटो दिसत नाहीत. साहेब रविवारी वाट बघतात.' खाली दोन निळ्या खुणा. वाचलेलं, उत्तर नाही. असे आणखी दोन मेसेज, त्यांचंही तेच.

माझ्याने राहवलं नाही. राहवून घ्यायचंही नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, ती बरी आहे. मी तिची सख्खी मावशी.

तिने माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या ब्लाउजांकडे बघितलं, परत माझ्याकडे. तिला एकदम सगळं लक्षात आलं असणार, दाराजवळची पिशवी, हातातला कप, सगळं. ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणेल. चुकलं म्हणेल. माझी स्वप्नाली त्या एका शब्दासाठी किती रात्री बसमध्ये बसली होती. मी वाट बघितली. खरंच बघितली.

पण तिला दुसरंच काहीतरी हवं होतं. खुर्चीच्या पाठीला हात लावून हळू आवाजात तिने विचारलं, "प्रागला परत गेली का ती? घड्याळ बघितलं का तिने?"

"बघितलं," मी म्हटलं. "समोर उभं राहून बघितलं."

"मग?" ती पुढे झाली. डोळे असे झाले होते, जणू साहेब बाजूलाच उशीला टेकून बसलेत आणि तिला घरी जाऊन त्यांना सांगायचंय. "पुतळे फिरले? कसे दिसतात?"

मला सगळं माहीत होतं. ते कसे येतात, कसे खाली बघतात, तो सापळा दोरी कशी ओढतो, सगळं. माझ्या जिभेवर होतं.

"ते मी कसं सांगणार वहिनी," मी म्हटलं. "आम्ही कुठे कर्जतच्या पुढे गेलोय."

मी तिचा ब्लाउज पिशवीत घालून हातात दिला आणि ती रिक्षाच्या नाक्याकडे चालत गेली. त्या ब्लाउजचा मुंढा मी मापाप्रमाणे बरोबर शिवला होता. तंग ठेवायची आता गरज नव्हती.